जुन्या हायवेचा माग काढायला सर्व्हे ऑफ इंडियाचं मोफत टोपोशीट: सविस्तर रिव्ह्यू

रस्ता चौपदरी झाला, गावाला बायपास मिळाला आणि गावातून जाणारा दोन-चार किलोमीटरचा हायवे नुसता ‘जुना रोड’ होऊन राहिला, असे तुकडे विदर्भात नागपूर-हैदराबाद आणि नागपूर-अमरावती या दोन्ही रस्त्यांवर सापडतात. तो तुकडा नेमका कुठून फुटायचा, नाला कुठे ओलांडायचा, डांबर पडायच्या आधी त्याची वाट आणखी कुठून होती, हे कागदावर बसवायचं असेल तर मोबाइलमधला नकाशा पुरत नाही. त्या कामाला आजही सर्वांत भरवशाचं साधन म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाचं १:५०,००० प्रमाणाचं टोपोशीट, म्हणजे चढउतार, नाले, वाटा, वस्त्या दाखवणारा तपशीलवार नकाशा. विभागाच्या ऑनलाइन मॅप्स पोर्टलवर नोंदणी केली की ‘ओपन सिरीज’मधली शीट पीडीएफमध्ये मोफत उतरवता येतात.

हा रिव्ह्यू एवढ्या एकाच कामापुरता आहे. ट्रेकिंग, शेतमोजणी, विहिरीची जागा यांसाठी शीट कसं आहे याच्यात इथे शिरत नाही. मत आधीच सांगून टाकतो: जमिनीचा नकाशा म्हणून उत्तम, जुन्या रस्त्याची रेघ शोधायला फार उपयोगी, पण रस्ता आज कुणाच्या ताब्यात आहे हे सांगायला अजिबात कामाचं नाही. आणि एकटं नवं शीट घेऊन बसलात तर निम्मी माहिती हातातून सुटते.

हाती काय पडतं

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने टोपोशीटच्या दोन मालिका केल्या. एक संरक्षण दलांसाठी, दुसरी सगळ्यांसाठी खुली. खुल्या मालिकेची पीडीएफ मोफत देण्याची सोय २०१७ साली ‘नक्शे’ या नावाने सुरू झाली. विभागाचं ते अडीचशेवं वर्ष होतं (स्थापना १७६७), आणि तेव्हा आधारची अट होती. खुल्या मालिकेत संरक्षणाच्या दृष्टीने नाजूक ठिकाणं दाखवत नाहीत. म्हणून डेपो, दारूगोळ्याचा कारखाना असल्या परिसरात एखादा रस्ता मध्येच संपलेला दिसला तर तो मोडीत निघाला असं लगेच धरू नये.

एका शीटमध्ये १५ मिनिटं अक्षांश आणि १५ मिनिटं रेखांश एवढा मुलूख येतो. आपल्या भागात हे उत्तर-दक्षिण सुमारे २७.७ किमी आणि पूर्व-पश्चिम सुमारे २६ किमी होतं. दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. म्हणजे नुसता नकाशाच साधारण ५५ सेंमी उंच आणि ५२ सेंमी रुंद, वरून समास आणि सूची वेगळी. ए-४ वर छापून काहीच दिसत नाही, ए-२ वरही अख्खं शीट खऱ्या प्रमाणात मावत नाही. तालुक्याच्या गावी प्लॉटर असलेल्या झेरॉक्सवाल्याकडे ए-१ कागदावर, ‘फिट टू पेज’ बंद करून छापून घ्या. छापून झालं की दुकानातच पट्टी लावा: खालच्या प्रमाणपट्टीवरचे ५ किमी बरोबर १० सेंमी भरले पाहिजेत. ९.६ किंवा ९.७ भरले तर प्रिंट आक्रसलेली आहे, आणि त्यावर मोजलेलं प्रत्येक अंतर चुकणार. दुकान सोडण्याआधी दुसरी काढून घ्या.

कोणतं शीट मागायचं

इथेच बरेच जण अडकतात, म्हणून थोडं सविस्तर. जुन्या पद्धतीत ५५ नंबरच्या मोठ्या शीटमध्ये २० ते २४ अंश उत्तर आणि ७६ ते ८० अंश पूर्व एवढा भाग येतो. बुलढाण्यापासून भंडाऱ्यापर्यंतचा बहुतेक विदर्भ त्यातच आला. गोंदिया ६४ मध्ये जातं, तर २० अंशांच्या खालचा चंद्रपूर-गडचिरोलीचा मुलूख ५६ आणि ६५ मध्ये. या मोठ्या शीटचे एकेक अंशाचे सोळा तुकडे ए ते पी, आणि त्या प्रत्येकाचे पुन्हा सोळा, १ ते १६. अक्षरं असोत की आकडे, मोजणी डाव्या वरच्या कोपऱ्यातून खाली उतरते आणि मग उजवीकडच्या पुढच्या रांगेत वरून सुरू होते. मराठी वाचण्याच्या सवयीने आडवं मोजलं तर हटकून चुकीचं शीट उतरतं.

या हिशेबाने नागपूर ५५ ओ/४, कोंढाळी ५५ के/१२, कारंजा (घाडगे) ५५ के/८ आणि हिंगणघाट ५५ एल/१४. नव्या ओपन सिरीजचे नंबर वेगळे आहेत, ते यूटीएम झोनवरून (पृथ्वीचे सहा-सहा अंश रेखांशाचे पट्टे) सुरू होतात. नागपूर भागातली शीट एफ४४ ने सुरू होतात.

आता दोन जागा अशा आहेत की तिथे नंबर बदलण्याने काम बिघडतं. पहिली पांढरकवडा. हे गाव २० अंशाच्या रेषेला जवळजवळ चिकटून आहे. गावातून जाणाऱ्या जुन्या सातनंबरी (नागपूर-हैदराबाद) हायवेचा उत्तरेकडचा भाग ५५ एल/१२ मध्ये येतो, आणि दक्षिणेला पाटणबोरीकडे निघालात की ५६ आय/९ लागतं. नव्या मालिकेतही रेषेच्या वर एफ४४ आणि खाली ई४४. एकच शीट उतरवलं तर रस्ता गावाजवळच तुटतो, आणि तो तुटलेला भागच बघायचा असतो. दोन्ही शीट घ्या, समास कापा आणि रेषेवर जोडा.

दुसरी जागा अमरावती ते तळेगाव (श्यामजीपंत) यांच्या मधली. ७८ अंश पूर्व ही रेषा तिथून जाते आणि तीच यूटीएम झोन ४३ आणि ४४ यांची सीमा. अमरावती शहर ४३ मध्ये, तळेगाव ४४ मध्ये. जुना सहा नंबरचा (नागपूर-अमरावती) हायवे ही सीमा ओलांडतो. संगणकावर दोन्हीकडची शीट एकाच झोनमध्ये बसवायला गेलात तर रस्त्याची टोकं जुळत नाहीत, आणि शीटच चुकीचं आहे असं वाटायला लागतं.

शीटमध्ये रस्ता कसा वाचायचा

टोपोशीटची खरी किंमत इथे कळते. मोबाइलच्या नकाशात रस्ता म्हणजे एक पांढरी किंवा पिवळी पट्टी. टोपोशीटमध्ये पक्का रस्ता, कच्चा रस्ता, बंडीवाट, पायवाट या सगळ्यांच्या खुणा वेगळ्या. पक्क्या रस्त्यातही महत्त्वाप्रमाणे रेषेची जाडी बदलते. सूचीत हे सगळं दिलेलं असतं. शीट हातात आलं की पहिला वेळ सूचीवर घालवा, नंतर नकाशाकडे वळा.

रस्त्याच्या कडेने मैलाचे किंवा किलोमीटरचे दगड आकड्यासकट दाखवलेले असतात. आर.एच. म्हणजे विश्रामगृह, आय.बी. म्हणजे तपासणी बंगला, सी.जी. म्हणजे पडावाची मोकळी जागा, पी.एस. म्हणजे पोलीस ठाणं. बंगला, पडाव आणि ठाणं ही तिन्ही एका ओळीत पण आजच्या रस्त्यापासून बाजूला पडलेली दिसली तर जुनी वाट तिथूनच होती असं समजून पुढे शोधायला हरकत नाही. इमारत जागा सोडत नाही, रस्ता सोडतो. बी.एम. म्हणजे बेंचमार्क, उंची नेमकी मोजून ठेवलेली खूण. समतलनाच्या, म्हणजे उंची मोजत नेण्याच्या ओळी बहुधा पक्क्या रस्त्यांच्या कडेने नेत असत, म्हणून आज शेतात एकटा पडलेला बेंचमार्क हा जुन्या रस्त्याचा चांगला साक्षीदार असतो.

सर्वांत जास्त माहिती मिळते ती नाल्यावर. विदर्भातला कोणताही जुना रस्ता घ्या. सपाट काळ्या जमिनीवर तो सरळ येतो आणि नाला जवळ आला की वळतो, थोडा वरच्या अंगाला जातो, जिथे काठ कमी उंच आणि पात्र अरुंद तिथे नाल्याला काटकोनात ओलांडतो, आणि पलीकडे पुन्हा मूळ रेघेवर येतो. कारण साधं आहे. रपटा किंवा दगडी पुलिया काटकोनात सर्वांत आखूड होते, तिला दगड कमी लागतो, आणि पाण्याचा मारा खांबांवर तिरका येत नाही. आजचा चौपदरी रस्ता वेगासाठी आखलेला, तो नाला तिरपा ओलांडून सरळ निघून जातो आणि लांब पूल बांधतो. त्यामुळे नव्या रस्त्याच्या एका अंगाला नाल्याकडे वाकलेला कमानीसारखा तुकडा उरतो. शीटवर नदीकाठाच्या खुणाही बघा. उतरता काठ, ३ ते ६ मीटर उभा काठ आणि ६ मीटरपेक्षा उंच काठ यांना वेगळ्या खुणा आहेत. सहा मीटरच्या दरडीतून बंडी उतरत नाही, म्हणून तिथे रस्ता असल्याचा तर्क केला असेल तर तो सोडून द्या.

१:५०,००० च्या शीटवर समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) २० मीटर उंचीच्या अंतराने असतात. घाटाचा जुना तुकडा ओळखायला एवढं पुरतं: जुना रस्ता रेषेच्या कडेकडेने हळूहळू चढतो, नवा रस्ता रेषा कापून खोदाईतून जातो. सपाटीवर मात्र या रेषांचा काही उपयोग नाही. वर्धेच्या खोऱ्यात पाच-पाच किलोमीटर एकही रेषा भेटत नाही.

शीटचं वर्ष, आणि मागचा इतिहास

प्रत्येक शीटवर सर्वेक्षण कोणत्या वर्षी झालं ते लिहिलेलं असतं. तेच वर्ष खरं. प्रकाशनाचं वर्ष त्याच्या बरंच नंतरचं असू शकतं. बायपास त्या सर्वेक्षणानंतर झाला असेल तर शीटवर अजून जुनाच रस्ता हायवे म्हणून ठळक दिसेल. इतर कामांसाठी हा दोष, आपल्याला मात्र तो फायद्याचा.

तरी फक्त नव्या मालिकेवर थांबू नका. मेट्रिक पद्धत येण्याआधीची एक इंचाला एक मैल (१:६३,३६०) प्रमाणाची शीट आणि नंतरची पहिली १:५०,००० ची कागदी शीट भूगोल विभाग असलेल्या कॉलेजांत प्रात्यक्षिकासाठी ठेवलेली असतात. विचारून तिथेच बसून पाहा. जुन्या शीटवर अंतरं मैलांत असतात: मैल ६० फर्लांग ४ म्हणजे ९७.४ किमी. हिशेब करताना फर्लांग दशांश समजू नये, आठ फर्लांगांचा एक मैल.

नागपूर-हैदराबाद रस्त्यासाठी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. हिंगणघाटपर्यंतचा भाग मध्य प्रांतात, वर्धा नदी ओलांडली की वऱ्हाड, आणि पैनगंगेच्या पलीकडे आदिलाबाद म्हणजे निजामाचं राज्य. १९०३ साली वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं, त्यापूर्वी एकाच रस्त्याची देखभाल तीन वेगवेगळ्या कारभारांकडे होती. यवतमाळ जिल्ह्याचं नावही तेव्हा वणी होतं. म्हणून जुने कागद शोधताना नदीच्या अलीकडचं एका दप्तरात आणि पलीकडचं दुसऱ्याच नावाखाली सापडतं. जुन्या शीटवर आणि दप्तरात गावांची इंग्रजी स्पेलिंगंही वेगळी असतात, ती आधी लिहून घ्यावीत.

रस्त्यांच्या वर्गवारीचा इतिहास तर नागपुरातूनच जातो. १९२७ साली मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली रस्ते समिती नेमली गेली, तिच्या शिफारशीतून केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. १९४३ च्या डिसेंबरमध्ये देशभरचे मुख्य अभियंते नागपुरात जमले, आणि तिथे ठरलेल्या ‘नागपूर प्लॅन’ने राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग ही उतरंड घालून दिली. आज आपण राज्यमार्ग, प्रजिमा (प्रमुख जिल्हा मार्ग), इजिमा (इतर जिल्हा मार्ग), ग्रामा (ग्रामीण मार्ग) म्हणतो त्याची मुळं तिथे आहेत. १९५६ साली राष्ट्रीय महामार्ग अधिनियम आला. २०१० मध्ये सगळे नंबर बदलले: सहा नंबर नागपूर-अमरावतीत ५३ झाला, सात नंबर ४४ झाला. लोकांच्या तोंडी मात्र अजून सहा आणि सातच. २०१० च्या आधी छापलेल्या शीटवर जुने नंबर दिसणारच, त्यात शीटची चूक नाही.

संगणकावर बसवणं

क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. पीडीएफमधून ३०० डीपीआयची प्रतिमा काढा. त्याहून कमी केली तर रस्त्याच्या दुहेरी रेषा एक होतात आणि पक्का-कच्चा भेद मिटतो. जिओरेफरन्सरमध्ये (प्रतिमा जागेवर बसवणारं साधन) चारही कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश भरा. कोपऱ्याचा बिंदू नकाशाच्या आतल्या चौकटीवर घ्यायचा. बाहेरच्या जाड चौकटीवर घेतला तर सगळं शीट सरकतं. ओपन सिरीज डब्ल्यूजीएस ८४ वर (जीपीएसची मोजणीपद्धत) आहे, तेव्हा कोपरे ईपीएसजी ४३२६ मध्ये (सॉफ्टवेअरमधला त्या पद्धतीचा क्रमांक) भरून ट्रान्सफॉर्मेशन ‘प्रोजेक्टिव्ह’ ठेवा. ‘लिनिअर’ ठेवू नका: २१ अंशाजवळ शीटची वरची कड खालच्या कडेपेक्षा सुमारे ४४ मीटरने लहान असते, कागदावर जवळजवळ एक मिलिमीटर, आणि लिनिअर तो फरक पचवू शकत नाही. मग अंतरं मोजण्यासाठी झोन ४४ ला ईपीएसजी ३२६४४ आणि ७८ अंशाच्या पश्चिमेला, म्हणजे अमरावतीकडे, ३२६४३.

जुनी शीट एव्हरेस्ट लंबगोलावर आणि पॉलिकॉनिक प्रक्षेपणावर आहेत, म्हणजे पृथ्वीचा आकार धरण्याची आणि तो कागदावर उतरवण्याची त्यांची पद्धत वेगळी. त्यांचे कोपरे सरळ ४३२६ म्हणून भरले तर रस्ता शंभर ते दोनशे मीटर बाजूला पडतो. गाव तर ओळखीचं दिसतं, पण रस्ता प्रत्येक जागी सारखाच बाजूला, म्हणजे ‘जुना रस्ता वेगळा होता’ असा खोटा शोध लागतो. जुन्या रस्त्यांवर काम करणाऱ्यांच्या हातून होणारी सर्वांत महाग चूक ही. जुन्या शीटला ईपीएसजी ४१४६ (कल्याणपूर १९७५) द्या आणि सॉफ्टवेअरला रूपांतर करू द्या. नंतर न हललेल्या तीन-चार गोष्टी तपासा: जुनं देऊळ, रेल्वेचा पूल, दोन नाल्यांचा संगम. त्या जुळल्या आणि फक्त रस्ता जुळला नाही, तरच रस्ता हलला असं म्हणा.

अचूकतेची हद्दही ओळखा. कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ५० मीटर. दुपदरी हायवेचं डांबर ७ मीटर रुंद असतं, पण शीटवर त्याची खूण वाचता यावी म्हणून कितीतरी जाड काढलेली असते. तेव्हा शीटवरून २५-३० मीटरपेक्षा बारीक दावा करू नये. धुऱ्याचा वाद शीटने सुटत नाही.

जमिनीवर पडताळणी

शीटवरची रेघ मोबाइलमध्ये चढवा आणि चालत जा. पहिली खूण दगड. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचा माथा पिवळा, राज्यमार्गाचा हिरवा. हायवे काढून घेतलेल्या तुकड्यावर तोच दगड पुन्हा रंगवलेला असतो, आणि माथ्यावरची रंगाची पापुद्री सुटली असेल तिथे हिरव्याखालचा पिवळा दिसतो. प्रत्येक पाचव्या किलोमीटरचा दगड मोठा असतो. किलोमीटरच्या दोन दगडांमध्ये दर २०० मीटरला छोटे दगड, त्यांवर २, ४, ६, ८. मोठा दगड गुत्तेदार उचलून नेतात, छोटे मात्र मातीत गाडले जाऊन तसेच राहतात. एक सापडला की २०० मीटर मोजून पुढचा शोधता येतो. नागपूरपासून मोजलं तर पांढरकवडा दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. तिथल्या जुन्या दगडावरचा आकडा आणि बायपासवरचा आकडा जुळत नाही, कारण बायपासची लांबी वेगळी.

हद्दीचे दगड वेगळे. ते रस्त्याच्या कडेला नसतात, सरकारी जमिनीच्या कडेला असतात. समोरासमोरचे दोन सापडले तर मधला बिंदू जमिनीचा मध्य असतो, डांबराचा असेलच असं नाही.

नंतर झाडं. कडुनिंब, चिंच, वड, आंबा, बाभूळ यांच्या जुन्या रांगा रस्त्याच्या मध्यापासून सारख्या अंतरावर असतात. एकच रांग उरली असेल तर दुसरी बहुधा रुंदीकरणात गेली, म्हणजे रस्ता त्याच बाजूला वाढला.

रस्ता वावरात गेला असेल तरी जमीन त्याची आठवण ठेवते. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, पण गिट्टी-मुरमाचा दाबलेला थर तसं करत नाही. नांगरटीत गिट्टी वर येते आणि त्या पट्ट्यावर पऱ्हाटी खुजी राहते. उपग्रहाच्या चित्रात हे बघायचा काळ मार्च ते मे. कपाशी-तूर निघालेली असते, वावर उघडं असतं, आणि फिकट पट्टा काळ्या जमिनीवर स्पष्ट उठतो. पावसाळ्यानंतरच्या चित्रात हिरवळीमुळे काही कळत नाही. गूगल अर्थ प्रोमध्ये तारीख मागे सरकवून एप्रिलचं चित्र निवडा.

फसवणाऱ्या तीन गोष्टी आहेत. कालवा: त्याच्या भरावावरही झाडं असतात, पण कालवा समोच्च रेषा धरून वळणं घेतो आणि गावं टाळतो. बंद पडलेली छोटी रेल्वे: पुलगाव-आर्वीसारख्या नॅरोगेज मार्गाचा भराव रस्त्यासारखा दिसतो, पण त्याची वळणं फार सौम्य असतात आणि रस्त्यासारखे फाटे त्याला फुटत नाहीत. तिसरी धरणं: ऊर्ध्व वर्धा, बेंबळा, गोसेखुर्दच्या पाण्याकाठी संपणारा रस्ता बुडीत गेलेला असतो. त्याचं दुसरं टोक पलीकडच्या काठावर त्याच रेघेत शोधा.

शीट जे सांगत नाही

रस्ता अजून राष्ट्रीय महामार्ग आहे की नाही हे शीटवरून ठरत नाही. राष्ट्रीय महामार्ग अधिनियमाच्या कलम २(३) खाली केंद्र सरकार अधिसूचना काढून रस्ता यादीतून वगळतं, तेव्हाच तो कायद्याने हायवे राहत नाही. बायपास सुरू झाला म्हणून आपोआप तसं होत नाही. वगळल्यावर तो राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे जातो, आणि हस्तांतराआधी एकदा दुरुस्ती करून देण्याची पद्धत आहे. ग्रामपंचायतीने ती अधिसूचना आणि हस्तांतराची तारीख माहितीच्या अधिकारात मागावी. खड्ड्याची तक्रार कुणाकडे करायची ते त्या तारखेवर ठरतं.

जमिनीच्या हद्दीसाठी उपअधीक्षक भूमी अभिलेख यांच्याकडचा गाव नकाशा लागतो. महाभूनकाशावर गट नंबर टाकून आधी घरबसल्या पाहता येतं. नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूरकडच्या गावांत निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज (गावाच्या सामाईक हक्कांच्या आणि वहिवाटीच्या जुन्या नोंदी) हेही मागून बघा. वहिवाटीच्या वाटा आणि पांदणी तिथे नोंदलेल्या सापडतात. जुन्या हायवेच्याही आधीची बंडीवाट हाती लागते ती बहुधा याच कागदात.

बाकीच्या साधनांशी तुलना

गूगल मॅप्स आजच्या वाटेसाठी ठीक, इतिहासासाठी नाही. ओपनस्ट्रीटमॅपवर जुने तुकडे कुणी जाणत्याने भरले असतील तर सुंदर, नाहीतर काहीच नाही. इस्रोचं भुवन उपग्रहचित्रासाठी चांगलं. १९५० च्या दशकातले अमेरिकी लष्कराचे १:२,५०,००० चे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या साइटवर आहेत. मोठ्या रस्त्यांची दिशा कळते, नाल्याची कमान कळत नाही. १९६० ते १९७२ मधली कोरोना या अमेरिकी हेरगिरी उपग्रहाची चित्रं १९९५ मध्ये खुली झाली. बायपासच काय, रुंदीकरणही झालेलं नसतानाचा रस्ता त्यांत दिसतो, आणि टोपोशीटच्या जोडीला आम्ही हेच पहिलं सुचवू.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो खुल्या मालिकेत मागच्या आवृत्त्या शेजारी-शेजारी मिळत नाहीत म्हणून. रस्त्याचा इतिहास पाहणाऱ्याला त्याच सर्वांत जास्त लागतात. गावचा इतिहास लिहिणारे, भूगोलाचे शिक्षक, सायकलवाले आणि ग्रामपंचायत सदस्य यांनी आपल्या गावाचं आणि त्याच्याभोवतीची आठ अशी मिळून नऊ शीट उतरवून ठेवावीत. फाइलच्या नावात शीट नंबरासोबत सर्वेक्षणाचं वर्ष घाला, प्रिंट लॅमिनेट करू नका. चकाकीवर पेन्सिल चालत नाही, आणि नाल्यावर उभं राहून खुणा कराव्याच लागतात.